वंदनाताई आणि दलदलीच्या कॅटेगऱ्या

चार माणसं रोज एका खोलीत बसून एकच काम करायला लागली, की काम होवो न होवो, किस्से मात्र होतातच. आणि ते काम बाहेरच्या माणसाला समजावून सांगता येणार नाही असं असलं, मग तर विचारूच नका! मला लोक विचारायचे, "शीतल, दुपारी क्लासचं शटर अर्धं खाली करून तुम्ही चौघं करता तरी काय?" मी खरं तेच सांगायची, "फोटो लावतो." "कोणाचे?" "राक्षसांचे, तलवारींचे, मशरूमचे." समोरचा माझ्याकडे असा बघायचा की पुढचं बोलणंच संपायचं.

तर आधी सांगूनच टाकते. भंडाऱ्यात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा छोटासा कम्प्युटर क्लास. दुपारी बॅच नसायची. तेव्हा एक इंग्रजी गेम चालायचा. त्याचं नाव लांबलचक, आम्ही त्याला 'दलदल' म्हणायचो, कारण पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता चिखल! हातात कंदील घेऊन चिखल तुडवायचा, भुतं मारायची, वस्तू गोळा करायच्या. त्या गेमचे जगभरचे चाहते मिळून एक विकी चालवायचे. विकी म्हणजे अशी साईट, जिथे कुणीही यावं, माहिती लिहावी, फोटो टाकावे. टाकणारे ढीगभर! पण कोणता फोटो कोणत्या कप्प्यात, म्हणजे कॅटेगरीत जाईल, हे बघणारं कुणी नव्हतं. ते काम आम्ही अंगावर घेतलं, तेही फुकटात.

हे खूळ आणलं राकेशने. तुमसरच्या राईस मिलवाल्यांचा पोरगा, अंगात दम कमी आणि घाई फार. दुसरा कोंढ्याचा गजानन. घरची धानाची शेती, रोवणी-कापणीतून सवड मिळाली की बस पकडून भंडाऱ्याला हजर. तिसरी मी. आणि चौथ्या वंदनाताई.

ताई पंचेचाळिशीच्या. मुलं कॉलेजला गेल्यावर टायपिंग शिकायला माझ्याकडे आल्या. एक दिवस राकेशच्या खुर्चीमागे उभ्या राहून त्यांनी विकीचं पान बघितलं आणि ओरडल्याच, "हे कोणं फेकून ठेवलं बापा? घर आहे का उकिरडा?" त्याला उठवून बसल्या, त्या बसल्याच. एक सांगायला पाहिजे, ताईंनी तो गेम एकदाही खेळलेला नव्हता. सुरू कुठून होतो तेही माहीत नाही. म्हणायच्या, "मले खेळता नाही येत. मले लावता येते!"

* * *

ताईंचा पहिला पराक्रम मशरूमचा. आमच्याकडे पावसाळ्यात जंगलात जे मशरूम निघतात त्यांना सात्या म्हणतात. बाजारात टोपल्या आल्या की लोक तुटून पडतात. गेममध्येही मशरूम होते. लाल, निळे, ठिपक्यांचे, आणि त्यातले निम्मे विषारी. ताईंनी फोटो बघितले आणि एकदम खूश. "अय माय, सात्या!" सगळे उचलून टाकले 'खाण्याचे पदार्थ' या कॅटेगरीत.

आता गेम खेळणारे कुठे अडले की विकी उघडून बघतात. जगभरच्या लोकांनी विकी बघून मशरूम खाल्ले आणि जगभरचे लोक पटापटा मेले! म्हणजे गेममध्ये मेले. दुसऱ्या दिवशी चर्चेच्या पानावर नुसती बोंबाबोंब. एकाने लिहिलं होतं, "इतके दिवस खेळून किल्ल्यापर्यंत पोचलो होतो, तुमच्यामुळे मेलो!"

मी ताईंना वाचून दाखवलं. मला वाटलं, बाई आता रडतील. ताईंनी चष्मा वर सरकवला, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "लिहा त्याले, नीट शिजवल्या नसतील!"

मी काही ते लिहिलं नाही. राकेशने लिहिलं. मग पुढचे दोन-तीन दिवस लोक खरोखर विचारत होते, की गेममध्ये चूल नेमकी कुठे सापडते.

* * *

ताईंचं घर म्हणजे मोठं एकत्र कुटुंब. सासूबाई, दोन भाऊ, दोन जावा, पोरंसोरं, पुतणे, एक आत्या. घरात शब्द चालायचा मोठ्या जावेचा. त्यांचं नाव सुनंदाबाई. त्यांनी मोबाईलवर घरचा ग्रुप काढला होता आणि अर्थात ॲडमिन त्याच.

ग्रुपवर सकाळ झाली की फुलांचे फोटो. आमच्या ताईंना आता सवय लागलेली! प्रत्येक फोटोखाली त्या लिहायच्या, "डुप्लिकेट, काल आला होता." "अंधूक आहे, काढून टाका." आत्यांनी गुडघ्याचा एक्स-रे टाकला तर ताईंनी लिहिलं, "हा फोटो उभा करून टाका." इथपर्यंत लोकांनी सहन केलं. मग सुनंदाबाईंनी नव्या सोफ्याचा फोटो टाकला. सगळे 'छान छान' म्हणत होते. ताईंनी लिहिलं, "कॅटेगरी फर्निचर. मागे पसारा दिसून राहिला. पुन्हा काढा."

झालं! सुनंदाबाईंनी ताईंना ग्रुपमधून काढूनच टाकलं. एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात उभ्या दोघी, आणि एक जण ग्रुपच्या बाहेर!

दुसऱ्या दिवशी ताई क्लासला आल्या त्या डोळे लाल करून. राकेशने काहीतरी फालतू जोक मारला, तर त्याला म्हणाल्या, "चूप बे!" आणि मग माझ्याकडे वळल्या. "शीतल, लग्न होऊन या घरात आली तवापासून कोणती वस्तू कोठी ठेवायची हे मले एकदा बी ठरवता नाही आलं. मी डबा ठेवला का जाऊबाई उचलते अन् दुसरीकडे ठेवते. इथं या विकीवर मी ठेवलं त ते राहते. मले खूप बरं वाटते ना इथं."

ताईंनी नाक पुसलं आणि विचारलं, "इथं ॲडमिन कसं होता येते?"

विकीचा मुख्य माणूस दूर कुठल्या तरी बर्फाच्या देशातला. खात्याचं नाव 'मॉस', खरं नाव कुणालाच माहीत नाही. त्याने त्याच सुमारास जाहीर केलं होतं, की फोटोंसाठी एक ॲडमिन नेमायचा आहे. कोणता फोटो कुठे राहील, यात शेवटचा शब्द त्या ॲडमिनचा. उमेदवारी करा, मग मतदान होईल. ज्याने पंधरा दिवस तरी कॅटेगरीचं काम केलं आहे, त्यालाच मत देता येईल. ताईंनी त्याच दुपारी नाव टाकलं. समोर उमेदवार एकच, 'ब्लेडमास्टर' नावाचा, गेम कोळून प्यालेला गडी.

"ताई, कठीण आहे," मी म्हटलं.

"असू दे. मले एकदा कोठीतरी ॲडमिन होऊ दे बापा!"

* * *

प्रचार वगैरे आम्हाला काय येतो! पण गजाननने न ठरवता ताईंचं नाव मोठं केलं, ते असं.

गेमच्या मधल्या भागात चिखलाचे चौकोन होते. त्यांच्यात पाणी साचलेलं, बाजूने मातीचे उंचवटे. सगळ्या जगाने ते 'दलदल' या कॅटेगरीत टाकलेले. गजानन स्क्रीनला नाक लावून म्हणाला, "हे दलदल नाही मॅडम. हे बांधी आहे. पाहा ना, धुरे दिसून राहिले!"

आणि त्याने 'बांधी' नावाची नवी कॅटेगरीच उघडली. ताईंनी सगळे चौकोन त्यात नेऊन बसवले. मॉसने विचारलं, "बांधी म्हणजे काय?" गजाननने सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं. "धानाच्या शेताचा एक तुकडा. चारी बाजूंनी धुरे, मध्ये पाणी थांबते. चिखलात पाय रुतला अन् माणूस घाबरला, ते दलदल. पाय रुतला अन् माणूस खुशीत राहिला, ते बांधी."

दुसऱ्या दिवशी मॉसने लिहिलं, "ठेवा." पुढे पुढे तर लोक एकमेकांना वाट सांगायला लागले, "किल्ल्याकडे जायचं असेल तर तिसऱ्या बांधीपासून डावीकडे वळा!" कुठे तो बर्फाचा देश आणि कुठे आमची बांधी! गजाननला इतका आनंद झाला की त्याने मोबाईल नेऊन कोंढ्याला वडिलांना दाखवला.

वडिलांनी फोटो नीट बघितला आणि विचारलं, "अन् रोवणी कवा आहे त्यायची?"

* * *

मग मॉसच्या डोक्यात आलं, की बांधी फार मोठी झाली, तिच्या दोन कॅटेगऱ्या करू, उत्तर आणि दक्षिण. लगेच भांडणं! किल्ला कुणाकडे, पूल कुणाकडे, मधलं तळं अर्धं-अर्धं करायचं का. विदेशी माणसं इतकी पेटू शकतात हे मला तेव्हा कळलं.

ताईंनी मला बसवलं आणि लिहायला लावलं, "आमचा जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला. कोणाले काय मिळालं यावर आमच्या पानठेल्यावर अजून भांडण होते. तुम्ही हे सुरूच करू नका!"

मॉसने मनावर घेतलं. फाळणी रद्द. पण त्याला उत्सुकता होतीच, त्याने विचारलं, "मग शेवटी त्यांना काय मिळालं?"

राकेश म्हणाला, "लिहा मॅडम, त्यायच्याकडे रेल्वेचं जंक्शन गेलं."

"आणि तुम्हाला?" मॉसचा पुढचा प्रश्न.

राकेश गजाननकडे बघतो, गजानन राकेशकडे बघतो. मग गजाननच म्हणाला, "आमाले आमी राहिलो!"

मी लिहिलं तसंच. त्यावर मॉसने हसणारा चेहरा पाठवला.

* * *

सगळं असं छान चाललं असताना राकेशने माती खाल्ली! त्याला एक-एक फोटो हाताने लावायचा भयंकर कंटाळा. कुठून तरी एक टूल घेऊन आला, एकदम शेकडो फोटो एका दमात लावणारं. आम्हाला म्हणतो कसा, "तुम्ही बैलगाडीने या, मी मालगाडी आणली!" टूल सुरू केलं आणि साहेब तर्री-पोहे खायला निघून गेले.

परत येऊन बघतो तर विकीवरचे सगळे फोटो 'बॉस' या कॅटेगरीत! बॉस म्हणजे गेममधला सगळ्यात मोठा राक्षस, ज्याला मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तर आता खुर्ची बॉस, कांदा बॉस, दार बॉस, बादली बॉस. एका खेळाडूने तर कळवळून लिहिलं होतं, "दुपारपासून बादलीला तलवारीने मारतोय, मरत नाही. काय करू?"

मॉसने आमच्या क्लासचा पत्ताच ब्लॉक केला. म्हणजे आमच्या इंटरनेटवरून कुणालाच काही करता येईना. आणि ब्लेडमास्टरला आयतं कोलीत! त्याने लिहिलं, "हीच का ती मंडळी ज्यांच्या हातात तुम्ही विकी देणार?"

ताईंचा चेहरा पडला होता. राकेश खाली मान घालून उभा. मला वाटलं, आता याला चपलेचा मार बसतो. पण ताई शांतपणे म्हणाल्या, "तुह्या घरी मालगाडी आली त पोते कोण उतरवते?"

"हमाल."

"मंग उतरव!"

मी मॉसला माफीचा मेसेज लिहिला, ब्लॉक उठला. आणि राकेशने सगळे फोटो हाताने, एक-एक करून जागेवर नेऊन ठेवले. लग्न ठरायच्या दिवसांत पोरगा बादल्या उतरवत बसला होता.

* * *

लग्नाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते.

राकेश मुलगी बघायला गेला. सोबत वडील, काका. पोहे आले, चहा आला. मुलीच्या मामाने मोबाईलवर तिचा फोटो दाखवला, कारण मुलगी अजून आत होती. आता कुठलाही सरळ माणूस काय म्हणेल? छान आहे म्हणेल. आमचा गडी फोटो मोठा करून, कोपरे तपासून म्हणाला, "हा कापलेला दिसतो. मूळ फाईल कोणाकडे आहे?"

मामा म्हणाले, "म्हंजे?"

"म्हणजे सोर्स काय? फोटो काढला कोणी? टाकायची परवानगी घेतली होती का?"

वडिलांनी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. काका छताकडे बघायला लागले. मामांचा पारा चढत चाललेला. तेवढ्यात आतून मुलगी पाण्याचा ट्रे घेऊन आली, ट्रे राकेशच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "मूळ फाईल मीच आहे. पाहून घ्या."

तिचं नाव पायल. लग्नात आम्ही चौघांनी पितळेचा हंडा दिला. हंड्यावर राकेशचं नाव घालायचं की पायलचं, यावरून ताई आणि गजानन दुकानात भांडले तो भाग सोडून देते.

* * *

मतदानाला महिना राहिला तसा ब्लेडमास्टरने घाव घातलाच. "या बाईंनी हा गेम कधीच खेळलेला नाही. निदान पहिली पायरी सगळ्यांसमोर पार करून दाखवा!"

खोटं तर नव्हतं. मी ताईंना म्हटलं, "सोडून द्या, त्याच्या नादी लागू नका." ताई म्हणाल्या, "कायले? मी भेते का त्याले?"

ठरलेल्या दिवशी आम्ही स्क्रीन सगळ्यांना दिसेल असं केलं. देशोदेशीचे लोक बघायला बसलेले. पहिली पायरी अगदी सोपी. एका झोपडीत माणूस उभा असतो, बाहेर यायचं, पूल ओलांडायचा. लोक डोळे मिटून करतात. ताईंनी माऊस हातात घेतला. झोपडीत एक पेटी होती. उघडली. आत तीर, भाकरी, औषध, दोऱ्या सगळं एकमेकांत!

"अय माय माय, हे काय आहे!"

आणि ताईंनी पेटी आवरायला घेतली. भाकरी एका बाजूला, तीर एका बाजूला. आम्ही मागून, "ताई, पूल! ताई, बाहेर चला!" ताई ऐकतात कुठे! पेटी झाली, मग फळी. फळी झाली, मग कोपरा. बघणारे पन्नास प्रकारचे लोक गप्प बसून एका चिखलातल्या झोपडीची आवराआवर बघत होते. शेवटी ताई समाधानाने बाहेर पडल्या, पुलावरून पहिलंच पाऊल चुकलं, पाण्यात पडल्या आणि स्क्रीन काळी झाली.

"काय झालं?"

"मेलात ताई."

"एवढ्याशा पाण्यात? आमच्या इकडले लेकरं वैनगंगेत पोहतात, अन् या धटिंगणाले गुडघाभर पाणी पुरलं?"

ब्लेडमास्टर खूश. पण खाली कुणीतरी लिहिलं, "खेळू नका म्हणावं त्यांना. माझ्या घरी पाठवा." त्याच्याखाली दुसऱ्याने, "आधी माझ्या." रांगच लागली! त्या दिवशी किती मतं वळली देव जाणे, पण राकेश म्हणाला, "टक्कर बरोबरीची आहे मॅडम."

* * *

आणि इथेच ताईंच्या घरच्यांनी मदत केली. देवा, नको ती मदत!

ग्रामपंचायतीची निवडणूक असते तशी यांना वाटली. ताईंच्या यजमानांनी घरात जाहीर केलं, "वंदना उभी आहे, सगळ्यायनं मत द्यायचं." मत द्यायला आधी पंधरा दिवस काम करावं लागतं, तर सगळं घर कामाला लागलं. सासूबाई, दीर, आत्या, पुतणे, सगळ्यांची खाती उघडली. सुनंदाबाई आधी म्हणाल्या, "मले वेळ नाही." मग त्यांनी गुपचूप खातं उघडलं आणि सगळ्यांपेक्षा जास्त काम केलं. काम काय, तर ताईंनी लावलेला फोटो उचलायचा आणि दुसरीकडे ठेवायचा!

मतदान गुप्त होतं. कुणी कुणाला दिलं ते फक्त मॉसला दिसायचं. मतं पडली आणि संध्याकाळच्या आत मॉसचा मेसेज. "भंडाऱ्यातल्या एकाच घरातून, एकाच इंटरनेटवरून, एवढी खाती? हे सगळं एकच माणूस आहे. खोटी खाती उघडून मतं दिली असतील तर वंदनाची उमेदवारी रद्द आणि खातंही कायमचं बंद."

खातं कायमचं बंद! मी फोन करून सांगितलं तशा ताई म्हणाल्या, "शीतल, आमच्या घरात एकाचं तोंड पूर्वेले असते त दुसऱ्याचं पश्चिमेले. अन् तो म्हणते एकच माणूस? त्याले म्हणा, ये, अन् पाहून घे!"

तसंच केलं. मॉसला म्हटलं, रविवारी व्हिडिओ कॉल करा, सगळे समोर बसतात. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. सगळे हॉलमध्ये इस्त्रीचे कपडे घालून बसलेले. स्क्रीनवर मॉस आला. दाढीवाला माणूस, जाड स्वेटर, मांडीवर मांजर. ताई हात जोडून म्हणाल्या, "जयभीम!" त्याने मला अर्थ विचारला, मी सांगितला, त्यानेही हात जोडले. मांजर घसरलं.

मॉस म्हणाला, एकेकाने नाव सांगा, मत कुणाला दिलं ते सांगा, आणि का दिलं तेही. मी मराठीत सांगायची, उत्तर इंग्रजीत करायची.

ताईंचे यजमान म्हणाले, "मी वंदनाले. मले घरात राहायचं आहे ना!" सासूबाई म्हणाल्या, "मी बी तिलेच. पण बटन दाबल्या गेलं का नाही, मले माहीत नाही." मोठे दीर म्हणाले, "मी बी वंदनाले." तशा सुनंदाबाई गर्रकन वळल्या, "कोणाले विचारून?"

मग त्यांची पाळी आली. हिरवी साडी, ताठ मान. "मी सुनंदा. मी ब्लेडमास्टरले देल्लं."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

"काहून?" ताईंनी विचारलं. आवाज इतका बारीक की मलाच कसंतरी झालं.

"कारण तू कंदील हत्यारात टाकला. कंदील हत्यार आहे का?"

"त्यानं भूत मरते!"

"भूत मरते म्हणून? मंग झाडू बी टाक हत्यारात!"

"जाऊबाई, तुमी गेम पाहिला तरी का?"

"अन् तू खेळली का?"

आत्या मध्ये पडल्या, "कंदील घरसामानात जाते!" दीर म्हणाले, "उजेडाची वेगळी कॅटेगरी करा ना." यजमानांनी चुकून म्हटलं, "वहिनीचं बरोबर आहे," आणि ताईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते उठून पाणी प्यायला गेले. सासूबाई ओरडत होत्या, "आमच्या वेळी कंदील खुंटीले राहे, खुंटीच्या कॅटेगरीत टाका!" पुतण्यांचे दोन पक्ष झाले. सगळे एकदम बोलत होते आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

मॉसने मला विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "कंदील हत्यार की सामान, यावर चर्चा." तो स्क्रीनच्या अगदी जवळ आला. मांजर कधीच पळून गेलं होतं.

शेवटी त्याने हात वर केला. मी सगळ्यांना गप्प केलं आणि तो म्हणाला ते सांगितलं, "ही सगळी वेगळी माणसं आहेत. माझी खात्री पटली. सगळी मतं धरली. वंदना निवडून आली."

हॉलमध्ये जो काय कल्ला झाला! पोरांनी उड्या मारल्या. सासूबाईंनी सुनेच्या तोंडावरून हात फिरवला. ताई पदर डोळ्याला लावून बसून राहिल्या. मलाही रडू आलं, सांगायला कशाला लाजू! एकट्या सुनंदाबाई तेवढ्या भिंतीकडे बघत बसलेल्या.

मॉस अजून गेला नव्हता. म्हणाला, "त्या हिरव्या साडीतल्या बाई, ज्या वंदनाचे फोटो उचलून दुसरीकडे ठेवत होत्या, त्यांना विचारा, आमच्यासाठी काम करतील का? वंदनाच्या हाताखाली एक जागा आहे."

मी सांगितलं. सगळं घर सुनंदाबाईंकडे बघायला लागलं. ताईसुद्धा पदर बाजूला करून बघत होत्या.

सुनंदाबाईंनी साडी सारखी केली, खुर्ची कॅमेऱ्यासमोर ओढली आणि मला म्हणाल्या, "पहिले त्याले विचार, तिच्या वरची जागा खाली आहे का?"